कानातून व्हेगस उत्तेजन: निरोगी माणसाच्या श्वासावर परिणाम मोजायचा तर नेमकं काय मोजायचं?

आनापान

माझ्या एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा विषय आहे: कानाच्या व्हेगस उत्तेजनाने, म्हणजे मेंदूच्या देठातून हृदय, फुप्फुस, पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हची कानातली शाखा विजेने चेतवल्याने, निरोगी प्रौढांचा (१८ ते ३५ वर्षं) श्वसनदर कमी होतो का? आराखडा सध्या असा आहे. २४ जण. डाव्या कानाच्या ट्रॅगसला, म्हणजे भोकापुढच्या छोट्या उंचवट्याला, क्लिप. फिजिओथेरपी विभागातलं नेहमीचं टेन्स (त्वचेवरून सौम्य वीज देणारं) मशीन, २५ हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद, १५ मिनिटं सलग. आधी एक मिनिट आणि नंतर एक मिनिट छातीकडे बघून श्वास मोजायचे. शॅमसाठी, म्हणजे तुलनेच्या लटक्या उत्तेजनासाठी, क्लिप तशीच, मशीन बंद. जोडीला मोबाइल ॲपवरून एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार).

गाइडचं म्हणणं: व्हेगस म्हणजे पॅरासिम्पथेटिक (शरीर शांत करणारी), म्हणजे श्वास संथ व्हायलाच हवा. एथिक्स कमिटीकडे कागद जायच्या आधी यातल्या चुका कळल्या तर बरं. ट्रॅगस घ्यावा की सिंबा (कानाच्या वाटीचा वरचा खळगा)? मशीनच्या डायलवर फक्त ० ते १० आकडे आहेत, मिलिअँपिअर कसे लिहायचे? आणि मुळात श्वसनदर हे माप बरोबर आहे का?

---

बाह्यकर्ण

गाइडच्या वाक्यातला दुसरा ‘म्हणजे’ घाईचा आहे. व्हेगसमधले बहुसंख्य तंतू शरीराकडून मेंदूकडे बातमी नेणारे असतात. कानाची शाखा, जिला अर्नॉल्डची नर्व्ह म्हणतात, ती तर कातडीचा स्पर्श नेणारी आहे. तिचा फुप्फुसाशी थेट संबंध नाही. फुप्फुस ताणलं की श्वास आत घेणं थांबतं हा रिफ्लेक्स हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ साली दाखवला. त्याचे तंतू कानात नाहीतच. शिवाय माणसात शांत श्वासाच्या वेळी तो रिफ्लेक्स फारसा कामावर नसतो. श्वास नेहमीच्या दुपटीच्या आसपास खोल गेला की मग जागा होतो. त्यामुळे ‘व्हेगस उत्तेजित केली, हेरिंग-ब्रॉयर चालू झाला, श्वास संथ झाला’ ही साखळी प्रस्तावनेत लिहू नका. बाहेरचे परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतील.

मग संबंध कुठे? मेंदूच्या देठात. कानाच्या शाखेचे बरेचसे तंतू ट्रायजेमिनलच्या (चेहऱ्याचा स्पर्श नेणाऱ्या नर्व्हच्या) स्पायनल केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या गटात, जातात, काही न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियसमध्ये पोचतात. श्वसनाच्या चेतापेशींचा पाठीकडचा गट याच दुसऱ्या केंद्रकात आहे. श्वासाची लय जिथे जन्मते ती प्री-बॉट्झिंगर जागा (१९९१ मध्ये ओळखली गेली) तिथून फार लांब नाही. म्हणजे रस्ता आहे, पण मध्ये थांबे बरेच. परिणाम असलाच तर लहान असेल, आणि तो दर घटण्याच्याच दिशेने असेल असं शरीररचना सांगत नाही. म्हणून गृहीतक दुहेरी ठेवा: ‘बदलतो का’, ‘कमी होतो का’ नव्हे.

गळ्यात इलेक्ट्रोड बसवलेल्या अपस्माराच्या रुग्णांत यंत्र चालू असताना झोपेत श्वास उथळ होतो आणि काहींना अडथळ्याचे ॲप्निया (श्वास थांबणं) होतात, हे माहीत आहे. पण तिथे इलेक्ट्रोड अख्ख्या नर्व्हला गुंडाळलेला असतो, स्वरयंत्राचे आणि फुप्फुसाचे तंतू त्यातच आले. तो पुरावा कानाला लावता येणार नाही.

जागेबद्दल. सगळे ज्याचा दाखला देतात तो पॉयकर आणि फिलर यांचा २००२ चा अभ्यास. मृतदेहांच्या जेमतेम १४ कानांवर केलेला. त्यात सिंबा कोंका सगळ्या कानांत फक्त व्हेगसच्या शाखेकडे होता. ट्रॅगसला व्हेगसची शाखा ४५ टक्के कानांत, आणि त्याच लेखात ट्रॅगसचे आकडे मजकूर आणि तक्ता यांत एकमेकांशी नीट जुळत नाहीत. कानाची पाळी मानेतून येणाऱ्या ग्रेट ऑरिक्युलर नर्व्हची, म्हणून ती शॅमसाठी वापरतात. नव्याने सुरुवात करताय तर सिंबा घ्या.

---

श्वासनोंद

एक मिनिट छातीकडे बघून मोजणं बाद. मिनिटाला १५ श्वासांत एका श्वासाची चूक म्हणजे जवळजवळ ७ टक्के, आणि तुम्ही शोधताय तो परिणामही तेवढाच असण्याची शक्यता. त्यात समोरच्याला कळतं की आपला श्वास मोजला जातोय. लक्ष श्वासाकडे गेलं की श्वास बदलतो, हे प्राणायाम शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता मुख्य मुद्दा: नुसता दर हे या प्रश्नातलं सगळ्यात दुबळं माप आहे. हिशेब करून बघा. दर १५, प्रत्येक श्वास ५०० मिलिलिटर, त्यातले १५० मृत अवकाशात (जिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही त्या श्वासनळ्यांत). वायुकोशांपर्यंत मिनिटाला पोचली १५ × ३५० = ५२५० मिलिलिटर हवा. समजा उत्तेजनाने दर १२ वर आला आणि श्वासाची खोली तेवढीच राहिली. आता पोचली ४२०० मिलिलिटर. कार्बन डायऑक्साइडची निर्मिती तीच, म्हणजे रक्तातला दाब ४० वरून ५० मिलिमीटरकडे निघाला. जाग्या, निरोगी माणसात केमोरिसेप्टर (रक्तातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारे संवेदक) हे चालू देणार नाहीत. त्याच्या खूप आधी श्वास खोल होईल, सुमारे ५९० मिलिलिटरचा, आणि हिशेब पुन्हा ५२५० च्या जवळ येईल. म्हणजे दर २० टक्के घटला तरी वायुवीजन होतं तिथेच. हा ‘श्वसनावर परिणाम’ की नुसता श्वासाचा आकार बदलला? दर एकटा मोजला तर हे कधीच कळणार नाही.

म्हणून प्रत्येक श्वासामागे चार गोष्टी नोंदवा: आत घेण्याचा वेळ, सोडण्याचा वेळ, खोली, आणि श्वासाच्या शेवटचा कार्बन डायऑक्साइड. आत घेण्याचा वेळ १.६ सेकंद आणि खोली ५०० असेल तर आत येणाऱ्या हवेचा सरासरी वेग सेकंदाला ३१२ मिलिलिटर. मेंदूतला श्वासाचा जोर किती, याचा अंदाज या वेगावरून येतो. घेण्याचा वेळ आणि पूर्ण श्वासाचा वेळ यांचं गुणोत्तर (इथे ०.४) घड्याळाबद्दल सांगतं. हे दोन वेगळे काढले की परिणाम जोरावर आहे की लयीवर, हे दिसतं.

साधनं. तोंडात माउथपीस आणि नाकाला चिमटा नको. त्यानेच श्वास खोल होतो आणि दर उतरतो, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. छाती-पोटाचा घेर मोजणारे इंडक्टन्सचे दोन पट्टे घ्या, एक काखेच्या पातळीवर, दुसरा बेंबीच्या. कॅलिब्रेशनसाठी ८०० मिलिलिटरच्या पिशवीत सात-आठ श्वास, पिशवी पूर्ण भरायची आणि पूर्ण रिकामी करायची. त्यानंतर बसण्याची ढब बदलली तर कॅलिब्रेशन गेलं, पुन्हा करा. पाठ ४५ अंशांत टेकलेली, हात मांडीवर, पाय न ओलांडता. एकच पट्टा असेल तर मिलिलिटर लिहूच नका, पायारेषेच्या (उत्तेजनाआधीच्या मापाच्या) टक्क्यांत लिहा. छातीचा वाटा घटून पोटाचा वाढला तर एकट्या छातीच्या पट्ट्याला श्वास उथळ झाल्याचा भास होतो.

कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नाकातल्या कॅन्युलाचा, म्हणजे बारीक नळीचा, चालेल, पण नळीतून हवा यंत्रापर्यंत पोचायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढं सरकवून पट्ट्याशी जुळवा. माणूस तोंडाने श्वास घ्यायला लागला की आकडा खोटाच खाली येतो. आलेखाचा माथा सपाट नसेल तर तो श्वास धरू नका.

वेळापत्रक: १० मिनिटं स्थिरावणं (ही टाकून द्यायची), १० पायारेषा, १५ उत्तेजन, १० नंतर. सुस्कारे, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून खोल श्वास, वेगळे मोजा. ताशी दहा-बारा सहज येतात आणि सरासरी बिघडवतात, म्हणून मध्यक घ्या. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, त्याचीही खूण करा.

आणि झोप! दुपारी दोनला, जेवणानंतर, एसी खोलीत टेकून १५ मिनिटं बसवलं की श्वास संथ आणि समान होतो, कार्बन डायऑक्साइड दोन-तीन मिलिमीटर चढतो. कानाला काही लावलं नाही तरी. ‘आधी आणि नंतर’ एवढंच मोजणाऱ्या अभ्यासांना यश इथूनच मिळतं. डोळे उघडे, समोर आवाज बंद केलेला निसर्गपट, पापण्या जड झाल्या तर वेळ नोंदवा. ठेका असलेलं संगीत चुकूनही नको, श्वास त्याला धरतो.

---

ओहम

डायलवरचे ० ते १० म्हणजे मिलिअँपिअर नव्हेत, ते मशीनच्या कमाल आउटपुटचे भाग आहेत. टेन्सची कमाल साधारण ८० ते १०० मिलिअँपिअर, तीही मांडी-पाठीवरच्या मोठ्या पॅडसाठी, म्हणजे ५०० ते १००० ओहमच्या भारावर. कानातल्या छोट्या इलेक्ट्रोडला भार कित्येक किलोओहमचा मिळतो. तिथे डायल ‘१’ वर काय निघतं हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजायची रीत: माणूस नाही, आधी टेबलावर. मशीनच्या दोन टोकांमध्ये ५ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या मालिकेत १०० ओहमचा. १०० ओहमच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप. शिखर १०० मिलिव्होल्ट दिसलं तर करंट १ मिलिअँपिअर, ३०० दिसलं तर ३. डायलच्या प्रत्येक आकड्याला वाचा, मग ५ किलोओहमच्या जागी १ आणि २.२ किलोओहम घालून पुन्हा. तिन्ही भारांवर आकडा साधारण तोच आला तर मशीन करंट स्थिर ठेवतंय. भार वाढताच आकडा पडला तर ते व्होल्टेज स्थिर ठेवतंय, आणि मग इलेक्ट्रोड सुकत गेला की तुमचा डोसही उतरत जाणार. मल्टिमीटरने हे होत नाही. २०० मायक्रोसेकंदांचा दुतर्फा पल्स त्याला शून्याजवळ दिसतो. आणि विजेच्या बोर्डावर चालणारा स्कोप, किंवा चार्जर लावलेल्या लॅपटॉपला जोडलेला, माणसाच्या सर्किटला कधीही लावायचा नाही.

छोट्या इलेक्ट्रोडने सिंबावर बहुतेकांचं काम ०.५ ते ३ मिलिअँपिअरमध्ये होतं. टेन्सचा डायल एका आकड्याला त्याहून मोठी उडी मारत असेल तर ते मशीन या कामाचं नाही. ०.१ मिलिअँपिअरच्या पायरीने वाढणारा, बॅटरीवरचा स्टिम्युलेटर शोधा. ट्रॅगसवर टेन्स वापरलेल्या २०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात १० ते ५० मिलिअँपिअर असा पट्टा दिलाय. इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ बाजूला ठेवून असे आकडे एकमेकांशी ताडून काही हाती लागत नाही.

क्षेत्रफळाचा हिशेब आराखड्यात दाखवाच. ५ मिलिमीटर व्यासाचा इलेक्ट्रोड म्हणजे सुमारे ०.२ चौरस सेंटिमीटर. ३ मिलिअँपिअर, २५ हर्ट्झ, दोन्ही बाजूंचे २५०-२५० मायक्रोसेकंद धरले तर आरएमएस करंट (पल्सांमधला रिकामा वेळ धरून काढलेला परिणामी करंट) ०.३४ मिलिअँपिअर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १.७. दोनच्या वर गेलं की टेन्सची सुरक्षा-मानकं विशेष काळजी घ्यायला सांगतात. म्हणजे सीमेच्या जवळ आहात. इलेक्ट्रोडचा अर्धा भाग त्वचेवरून उचलला गेला की सीमा ओलांडलीच, आणि तिथेच लाल ठिपका उठतो.

लावताना स्पिरिटच्या बोळ्याने खळगा पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पेस्ट. दोन इलेक्ट्रोडमधली जागा काही मिलिमीटरचीच असते. पेस्ट जास्त झाली की दोन्ही एकमेकांना जोडले जातात, करंट पेस्टमधूनच पलीकडे जातो. ओळख अशी: करंट वाढवत नेलं तरी माणूस म्हणतो, काहीच जाणवत नाही. उलट, मिठाच्या पाण्याचा कापूस वापरला तर तो १५-२० मिनिटांत सुकतो, मुंग्यांच्या जागी कडेला सुई टोचल्यासारखं होतं. कुड्या, बुगडी, भिकबाळी आधी काढायला सांगा. पाळीवर शॅम देताना टोचलेल्या भोकावर इलेक्ट्रोड नको, तिथे करंट एकवटतो.

तीव्रता: शून्यापासून ०.१ ने वाढवा, जाणवलं की थांबा, उतरवा, तीनदा करा, सरासरी घ्या. तसंच दुखायला लागण्याचा उंबरठा. काम या दोन्हींच्या मध्यावर. पाच मिनिटांत संवेदना बोथट होते. तेव्हा करंट वाढवायचा की तोच ठेवायचा हे आधी लिहून ठेवा, खुर्चीजवळ उभं राहून ठरवू नका. मशीनचे ‘बर्स्ट’ आणि ‘मॉड्युलेशन’ मोड बंद आहेत ना, हेही बघा.

---

अर्धविराम

मशीन बंद ठेवून शॅम चालणार नाही. मुंग्या आल्या की नाही हे दहा सेकंदांत कळतं. पाळीवर तेवढ्याच जाणवणाऱ्या तीव्रतेचं उत्तेजन द्या, त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, क्रम चिठ्ठी टाकून. मधे किमान ४८ तास. आदल्या १२ तासांत चहा-कॉफी नाही, दोन तासांत जेवण नाही. शेवटी विचारा: खरं कुठलं वाटलं? ते उत्तर छापा.

३० सेकंद चालू, ३० बंद या प्रचलित पद्धतीतही एक खोच आहे. प्रत्येक वेळी मुंग्या सुरू झाल्या की माणूस दचकून एखादा श्वास धरतो किंवा खोल घेतो. पहिले पाच सेकंद आणि उरलेले पंचवीस वेगळे बघितले नाहीत तर दचकण्यालाच व्हेगसचा परिणाम समजाल.

माझ्या मते यातला खरा प्रश्न ‘उत्तेजनाने श्वास बदलतो का’ यापेक्षा ‘श्वासाच्या कुठल्या टप्प्यात दिलं तर फरक पडतो’ हा आहे. हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगसच्या पेशी श्वास आत घेताना दाबलेल्या असतात, सोडताना मोकळ्या. म्हणून उच्छ्वासाला बांधलेलं उत्तेजन २०१० च्या दशकात आलं, आणि निरोगी माणसांवरच्या ७ टेस्लाच्या एमआरआयमध्ये (२०१९) उच्छ्वासात दिल्यावर सॉलिटेरियस केंद्रकाचा प्रतिसाद जास्त दिसला. यात सगळ्यात चांगला शॅम आपोआप मिळतो: तोच कान, तीच जागा, तोच करंट, फक्त श्वास आत घेताना दिलेला. माणसाला जाणवणं जवळजवळ सारखंच.

गणित मात्र जपा. मिनिटाला १५ श्वास असतील तर उच्छ्वास २.४ सेकंदांचा. पट्ट्याच्या आलेखाचं शिखर ओळखून ०.३ सेकंदांनी पल्सची १ सेकंदाची माळ दिली तर ती आरामात मावते. पण सिग्नल गुळगुळीत करण्याच्या नादात फिल्टरने एक-दीड सेकंद उशीर केला तर माळेची शेपटी पुढच्या श्वासात शिरते आणि दोन्ही गट एकच होतात. पल्सही मोजा: १५ माळा × २५ = मिनिटाला ३७५, तर ३० चालू-३० बंद पद्धतीत ७५०. डोस अर्धा आहे, तुलना सरळ नाही. आणि प्रत्येक उच्छ्वासाला कानात टिचकी बसली की माणूस नकळत तिची वाट बघत श्वास घेऊ लागतो. म्हणून तिसरा गट श्वासाशी न बांधलेल्या माळांचा, तेवढ्याच पल्सचा.

एचआरव्हीबद्दल: ॲप नको, ईसीजी घ्या, सेकंदाला किमान ५०० नोंदी. श्वास मिनिटाला ९ च्या खाली गेला की श्वासाबरोबरचा हृदयगतीचा चढउतार ०.१५ हर्ट्झच्या खाली सरकतो. मग एचआरव्हीच्या वरच्या पट्ट्यातली (०.१५ हर्ट्झच्या वरची) ताकद घटल्यासारखी दिसते आणि लोक ‘व्हेगस कमी झाली’ असं लिहून मोकळे होतात. शिवाय श्वास संथ आणि खोल झाला की हा चढउतार आपोआप वाढतो. निरोगी माणसात कानाच्या उत्तेजनाने एचआरव्ही बदलते का, याचं २०२१ चं बेझियन मेटा-विश्लेषण (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणारं) ‘नाही’कडे स्पष्ट झुकलेलं होतं. तुमच्याकडे बदल दिसलाच तर पहिला संशय श्वासावर घ्या.

२४ जणांत ८० टक्के पॉवरने (खरा परिणाम पकडण्याच्या शक्यतेने) फक्त ०.६ एवढा परिणाम पकडता येतो (फरकाच्या प्रमाण विचलनाच्या भाषेत). ०.५ साठी ३४ लागतील, ०.४ साठी ५२. मी ३४ च्या खाली उतरणार नाही.

वगळायचे: पेसमेकर, हृदयाचा ब्लॉक, विश्रांतीत नाडी ५० च्या खाली, वारंवार चक्कर येऊन पडणारे, अपस्मार, गरोदरपण, कॉक्लिअर इम्प्लांट, कानाच्या त्वचेवर जखम. डावा कान घेण्यामागे उजवी व्हेगस सायनस नोडकडे (हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या जागेकडे) जास्त जाते हे कारण दिलं जातं. कानाच्या संवेदी शाखेला ते कितपत लागू पडतं हा वादाचा भाग, पण पहिल्याच प्रबंधात तो वाद अंगावर कशाला घ्या. सीटीआरआयमध्ये (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला माणूस घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

---

आनापान

सगळ्यांचे आभार. सिंबा, पाळीचा शॅम, दोन पट्टे आणि ३४ जण, असा बदल करतेय. उच्छ्वासाला बांधणारं सर्किट विभागात नाही, त्यामुळे पहिल्या टप्प्यात ३० चालू-३० बंद. एक शंका उरली: उत्तेजन देताना कुणाला खोकला आला तर त्याला वगळायचं का?

---

बाह्यकर्ण

मुळीच नाही! कानातून थेट श्वासापर्यंत पोचणारा रिफ्लेक्स डोळ्यांना दिसतो तो एवढाच. कानातला मळ काढताना खोकणारे लोक ईएनटीवाल्यांना चांगले ठाऊक असतात. निरोगी लोकांत शंभरात दोन-चार जणांना तो असतो, जुनाट खोकल्याच्या रुग्णांत बराच जास्त. त्यामुळे ३४ जणांत एखादा भेटू शकतो.

बहुतेकदा खोकला येतो कारण इलेक्ट्रोड खाली घसरून कानाच्या भोकाच्या तोंडाशी टेकलेला असतो. करंट शून्यावर आणा, इलेक्ट्रोड वर खळग्यात बसवा, उंबरठा पुन्हा काढा. तरीही आला तर करंट ०.२ ने कमी. श्वासाच्या विश्लेषणातून खोकल्याच्या आधीचे ५ आणि नंतरचे ३० सेकंद काढा, कारण खोकल्यानंतर काही श्वास खोल येतात. पण खोकल्यांची संख्या सिंबा आणि पाळी अशी वेगवेगळी तक्त्यात द्या. आणि सुरुवातीच्या तपासणीतच एक प्रश्न घाला: कानात काडी घातल्यावर खोकला येतो का? ‘हो’ म्हणणाऱ्यांचे श्वासाचे आलेख शेवटी वेगळे काढून बघता येतील.